पडलेली गाणी आणि विगनची माणसं

एखादं गाणं 'पडलं' म्हणजे पुढे त्याचं काय होतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. सिनेमा पडला तर निदान चार दिवस चर्चा तरी होते. गाण्याचं तसं नाही. ते रेडिओवर दोन-तीनदा लागतं, कुणी विचारत नाही, दुकानातल्या रेकॉर्डी परत जातात आणि कुठल्यातरी गोदामात धूळ खात पडतात. गाणारा मुकाट्याने आपल्या जुन्या नोकरीवर रुजू होतो. संपलं!

आजचा लेख अशा पडलेल्या गाण्यांबद्दल आहे. ही गाणी अमेरिकेत पडली, साधारण १९६४ ते १९६८ या काळात. आणि ती उचलून डोक्यावर घेतली इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरणी कामगारांच्या आणि खाण कामगारांच्या पोरांनी. ती पोरं आता आजोबा-आजी झाली, पण गाणी काही डोक्यावरून खाली उतरवायला तयार नाहीत. या सगळ्या प्रकाराला 'नॉर्दर्न सोल' असं नाव आहे. नॉर्दर्न म्हणजे उत्तरेकडचं. आता गाणी अमेरिकेची, गाणारे बहुतेक काळे, आणि नाव मात्र इंग्लंडच्या उत्तरेचं. ही काय भानगड?

"या वयात हिला हे काय सुचलं" असं आमच्याकडची काही मंडळी म्हणणार, तेव्हा आधीच खुलासा करते. माझी मुलगी आणि जावई बोल्टनला राहतात. मँचेस्टरपासून जवळच. मी जन्मभर इचलकरंजीत इतिहास शिकवला. आमच्या गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात हे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलं असेल. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून आमच्या गावाला खटक्-खटक् आवाजाशिवाय झोप लागत नाही. तेव्हा खरं मँचेस्टर बघायची मला फार हौस. बघितलं. माग कुठेच नाहीत! उंच चिमण्या आणि लाल विटांच्या गिरण्या आहेत, पण आत कुठे फ्लॅट, कुठे फर्निचरचं गोदाम. मी थोडी हिरमुसलेच. पण त्या मुक्कामांत मला या गाण्यांचा शोध लागला, आणि इतिहासाच्या मास्तरणीला शोध लागला की ती गप्प बसत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना चांगलं ठाऊक आहे.

सुरुवात डेट्रॉइटपासून करायला हवी. मोटारींचं शहर. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांवरून हजारो काळी कुटुंबं कारखान्यांत काम मिळेल म्हणून इथे आली होती. बेरी गॉर्डी नावाचा एक तरुण फोर्ड कंपनीच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करत असे. त्याने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाऊन झाली. एका साध्या घरात स्टुडिओ, दारावर पाटी 'हिट्सव्हिल यूएसए'. गॉर्डीने कारखान्याची रीत गाण्याला लावली. एका टोकाला चाल लिहिणारे, मग वाजवणारे ठरलेले लोक, मग गाणारे, आणि शेवटी तपासणी करणारी बैठक. पास झालेलं गाणंच बाहेर पडायचं. सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर ही सगळी याच घरातून बाहेर पडलेली मंडळी.

चर्चमधल्या भजनाची आर्तता आणि नाचायला लावणारा ठेका, यांचं मिश्रण म्हणजे 'सोल' संगीत. त्या ठेक्याबद्दल एक सांगते. चारही मात्रा सारख्या जोराने पडतात. धप्-धप्-धप्-धप्. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गल्लीतला माग आठवला. वर गाणारा मात्र बहुतेक वेळा रडकुंडीला आलेला असतो. प्रेम तुटलंय, माणूस सोडून गेलंय. खाली ठेका आनंदाचा आणि वर गाणं दुःखाचं, या विसंगतीतच सगळी गंमत आहे असं मला वाटतं. आपल्याकडे ओव्या म्हणत जात्यावर बसणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला लागलं नसतं.

तर, मोटाऊनचं बघून डेट्रॉइटमध्ये, शिकागोमध्ये, फिलाडेल्फियात, अगदी लॉस एंजेलिसपर्यंत शेकडो छोट्या कंपन्या निघाल्या. कुणी न्हाव्याच्या दुकानामागे, कुणी गॅरेजात. शाळेतली चार पोरं कोपऱ्यावर उभी राहून गायची, त्यांना कुणीतरी स्टुडिओत न्यायचं, काही शे रेकॉर्डी छापल्या जायच्या. सात इंचाची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. रेडिओवाल्यांनी वाजवली तर ठीक. पण मोठ्या कंपन्यांपुढे या बिचाऱ्यांना कोण विचारतो? शंभरातली नव्वद गाणी पडली. वाईट होती म्हणून नव्हे, तर त्यांच्यामागे पैसा नव्हता म्हणून.

आता इंग्लंड. तिथे डेव्ह गॉडिन नावाचा एक अवलिया होता. काळ्या अमेरिकन संगीताचं त्याला वेड. मोटाऊनच्या चाहत्यांची संघटना त्याने काढली, आणि गॉर्डीने त्याला सल्ल्यासाठी डेट्रॉइटला बोलावलं. मार्च १९६५ मध्ये 'टॅमला मोटाऊन' हे लेबल ब्रिटनमध्ये सुरू झालं, त्या नावामागे गॉडिनचाच सल्ला होता. त्याच महिन्यात मोटाऊनचे मोठे कलाकार ब्रिटनच्या दौऱ्यावर आले. सुप्रीम्स काय, स्टीव्ही वंडर काय! आणि कित्येक ठिकाणी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आज यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

पुढे गॉडिनने लंडनमध्ये 'सोल सिटी' नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं. तिथे त्याच्या लक्षात एक गंमत आली. उत्तरेकडची पोरं फुटबॉलच्या सामन्यासाठी लंडनला आली की दुकानात डोकवायची. त्यांना नवीन माल दाखवला तर नाकं मुरडायची. अमेरिकेत तोवर वारं बदललं होतं. जेम्स ब्राउनमुळे ठेका तुटक आणि संथ झाला होता, त्याला फंक म्हणतात. या पोरांना ते नको. त्यांना दोन-चार वर्षांपूर्वीचं, जलद, धप्-धप् ठेक्याचंच हवं. तेव्हा गॉडिनने दुकानातल्या नोकरांना सांगून ठेवलं की उत्तरेकडचं गिऱ्हाईक आलं की त्यांना त्यांचंच 'नॉर्दर्न सोल' वाजवून दाखवा, उगाच वेळ घालवू नका. १९७० साली 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या आपल्या सदरात त्याने हा शब्द वापरला आणि तो कायमचा चिकटला. म्हणजे एवढ्या मोठ्या चळवळीचं नाव मुळात दुकानदाराच्या सोयीसाठी पडलेलं आहे!

पण ही पोरं एवढी हट्टी का? माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या आठवड्यात आहे. लंडनच्या तरुणांनी १९६७ नंतर केस वाढवले, गालिच्यावर पडून लांबलचक गिटार ऐकायला लागले. ज्याला सोमवारी सकाळी सहाला गिरणीत, खाणीत किंवा कारखान्यात हजर व्हायचंय त्याला पडून राहण्यात काय मौज? त्याला शनिवारची एक रात्र मिळते. त्या रात्रीत त्याला अंगातला सगळा आठवडा झटकून टाकायचा असतो. त्याला नाचायला हवं.

मँचेस्टरला 'ट्विस्टेड व्हील' नावाचा क्लब १९६३ मध्ये सुरू झाला, १९६५ मध्ये तो व्हिटवर्थ स्ट्रीटवरच्या तळघरात गेला, आणि शनिवारी तो रात्रभर चालायचा. दारू नाही. कॉफी, खाणं आणि गाणी. भिंतींवर सायकलींची चाकं टांगलेली. गॉडिनने तिथे जाऊन जे बघितलं त्यावर लेख लिहिला. १९७१ मध्ये तो क्लब बंद पडला. नंतर स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ टन्स्टॉलला 'गोल्डन टॉर्च', तोही १९७३ मध्ये बंद. या बंद पडण्यामागे एक अप्रिय कारण होतं आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रात्रभर जागं राहून नाचायचं म्हणून पोरं उत्तेजक गोळ्या घ्यायची. औषधांची दुकानं फोडून चोरलेल्या गोळ्या. काहींनी त्यापायी जीव गमावला. जुनी मंडळी आता हसत हसत आठवणी सांगतात, तेव्हा हा भाग लवकर आटपतात, हे मी टिपून ठेवलंय.

आणि मग विगन.

विगन म्हणजे कोळशाचं आणि कापसाचं गाव. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ साली तिथल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ते गाव गरिबीसाठीच प्रसिद्ध. तिथे स्टेशन रोडवर एम्प्रेस बॉलरूम नावाचं जुनं नाचघर होतं, त्याचा झाला 'विगन कसिनो'. २३ सप्टेंबर १९७३ ला तिथे पहिली 'ऑल-नायटर' झाली. ऑल-नायटर म्हणजे आपल्या भाषेत जागरच. रात्री दोनला दार उघडायचं आणि सकाळी आठला बंद व्हायचं. दोनपर्यंत पोरं बाहेर थंडीत कुडकुडत उभी. स्कॉटलंडपासून, मिडलंड्सपासून, बसने, रेल्वेने, कुणाच्या तरी खटारा गाडीत सहा-सात जण कोंबून आलेली. सभासदांची संख्या एक लाखाच्या घरात गेली होती असं सांगतात.

आतलं दृश्य १९७७ साली टोनी पामर यांनी ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी चित्रित केलं, ते आजही बघायला मिळतं. जरूर बघा. जोडीने नाचणं वगैरे काही नाही. प्रत्येक जण आपला आपला. डोळे मिटलेले. घोळदार विजारी, बिनबाह्यांचे गंजीफ्रॉक, पाय लाकडी जमिनीवरून सरकतायत. पाय नीट सरकावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडलेली. मध्येच एखादा गिरकी घेतो, अशी की आमच्या काळच्या फुगडीतल्या बायकाही थबकून बघतील. कुणी मागे पाठीवर पडतो आणि जमिनीला हात टेकून ठेक्यावर परत उभा राहतो. प्रत्येकाबरोबर एक पिशवी. त्यात टॉवेल, बदलायचा कपडा, पावडरचा डबा. पिशवीवर कापडी बिल्ले शिवलेले. मूठ वळलेला काळा हात आणि भोवती 'श्रद्धा सोडू नका' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. ही मूठ मुळात अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यातली. ती विगनच्या गोऱ्या पोरांच्या पिशवीवर कशी आली, यावर थोड्या वेळाने.

सकाळी आठ वाजायच्या आधी दर वेळी तीच तीन गाणी वाजायची. त्यांना 'आठाच्या आधीची तीन' असंच म्हणतात. पहिलं टोबी लेजंडचं 'टाइम विल पास यू बाय', दुसरं जिमी रॅडक्लिफचं 'लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर', तिसरं डीन पॅरिशचं 'आय'म ऑन माय वे'. कीर्तनाच्या शेवटी आरती व्हावी तसं. ही तिन्ही गाणी अमेरिकेत चाललेली नव्हती. यातल्या जिमी रॅडक्लिफबद्दल वाचलं आणि मी जरा वेळ पुस्तक मिटून बसले. तो जुलै १९७३ मध्ये वारला. विगन कसिनो उघडलं सप्टेंबरमध्ये. आठ वर्षं दर आठवड्याला त्याच्या आवाजाने हजारो माणसं घरी गेली, आणि त्याला यातलं काही कळलं नाही.

आता या छंदाचं अर्थशास्त्र सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या पोरांना १९६५-६६ च्या पद्धतीचंच गाणं हवं, आणि त्या पद्धतीची गाणी तर कुणी आता बनवत नाही. मग डीजेने दर आठवड्याला नवीन काय वाजवायचं? एकच मार्ग. त्या काळातलं कुणी न ऐकलेलं, पडलेलं गाणं शोधून काढायचं. म्हणजे 'नवीन' याचा अर्थ 'नुकतं सापडलेलं जुनं'. डीजे आणि व्यापारी अमेरिकेला जायला लागले. गोदामं, बंद पडलेली दुकानं, जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालायला लागले. रिचर्ड सर्लिंगने १९७३ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डींत ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' होतं. १९६५ चं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला छापलेलं. ते उत्तरेतल्या क्लबांत इतकं गाजलं की 'सॉफ्ट सेल' नावाच्या जोडीने १९८१ मध्ये ते नव्याने म्हटलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. नातवंडांना ते नक्की ठाऊक असेल, विचारून बघा.

ज्याच्याकडे एखादं गाणं एकट्याकडेच आहे, तो डीजे राजा. म्हणून रेकॉर्डच्या लेबलावर कोरा कागद चिकटवायचा आणि खोटंच नाव सांगायचं. म्हणजे दुसऱ्याला ते शोधता येऊ नये. याला 'कव्हर-अप' म्हणत. शाळेत हुशार मुलं वहीवर हात आडवा धरून लिहायची ना, तसंच! फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' हे गाणं आधी एडी फॉस्टर या बनावट नावाने फिरत होतं. हे गाणं मोटाऊनने १९६५ मध्ये छापलं आणि लगेच मागे घेतलं. विल्सनने गायक होण्यापेक्षा पडद्यामागे राहून गाणी बनवायचं ठरवलं, असं सांगतात. बहुतेक प्रती नष्ट केल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. डॅरेल बँक्सच्या एका गाण्याची ब्रिटनमध्ये छापलेली दुर्मीळ प्रत २०१४ मध्ये १४ हजार पौंडांवर गेली. डॅरेल बँक्स १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये गोळी लागून गेला, तिशीत.

इथे माझं आणि या मंडळींचं थोडं वाजतं. किंमत वाढली ती तबकडीची, गाणाऱ्याची नाही. १९७० च्या दशकात चोरून छापलेल्या नकली रेकॉर्डींचा नुसता पूर आला होता. त्यातला एक पेनीही गाणाऱ्यांना मिळाला नाही. इकडे हजारो पोरं त्यांच्या आवाजावर नाचत होती, आणि ते तिकडे बस चालवत होते, टपाल वाटत होते, नाहीतर कारखान्यात होते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरची जुनी दफ्तरं गोळा करायचे, ते छापून सगळ्यांना खुली करण्यासाठी. लेबलावर कागद चिकटवणारा डीजे त्याच्या बरोबर उलटं करतो. तरी एक मान्य केलं पाहिजे. कागद चिकटवणाऱ्यांमुळेच दुसरे इरेला पेटले आणि शोधत राहिले. रेकॉर्डच्या मध्यभागी, गाणं संपतं तिथे कोऱ्या पट्टीवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. त्यांवरून अस्सल प्रत कोणती आणि नकली कोणती हे ओळखायचं शास्त्रच या मंडळींनी तयार केलं. कोण कुठल्या स्टुडिओत वाजवत होतं, कुठलं लेबल कुणाच्या मालकीचं, गाणाऱ्याचं खरं नाव काय, सगळं खणून काढलं. यातले बरेच जण सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले. मला असे दोन विद्यार्थी मिळाले असते तर!

बोल्टनला मुलीच्या शेजारी राहणारे गृहस्थ अशांपैकीच. आमची नात त्यांना त्यांच्या नावाने एकेरी हाक मारते, तिथे तशीच पद्धत. मला मात्र 'मिस्टर' लावल्याशिवाय जमत नाही, आणि मी 'मिस्टर' म्हटलं की ते मागे वळून बघतात, आपले वडील आले की काय म्हणून. त्यांनीच मला आणि मुलीला एका रविवारी दुपारी कामगारांच्या क्लबात नेलं. रात्रभराचं आता झेपत नाही म्हणून दुपारी दोन ते सात. गुडघे बदललेले, टक्कल पडलेले, एक बाई तर काठी टेकत आल्या. काठी खुर्चीला लावली, पिशवीतून चामडी तळव्यांचे बूट काढून घातले, आणि जमिनीवर उतरल्या. गिरकी नाही, पाठीवर पडणं नाही, पण पाय! पाय ठेक्यावरून एकदाही घसरले नाहीत. मी टेबलाशी चहा घेऊन बसले होते. मुलगी नाचली. मी बसल्या जागी पायाने ठेका धरला, एवढं कबूल करते.

परत येताना त्यांना मी मनातला प्रश्न विचारला. हा प्रश्न मला पुस्तकं वाचताना सारखा टोचत होता. ज्या वर्षांत ही पोरं काळ्या गायकांवर जीव ओवाळत होती, त्याच वर्षांत, त्याच गावांत काय चाललं होतं? १९६८ मध्ये एनॉक पॉवेलने परदेशातून आलेल्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. १९७० च्या दशकात नॅशनल फ्रंटचे मोर्चे निघत होते. इथून जवळच, ब्लॅकबर्नला, १९७६ च्या निवडणुकीत वंशद्वेषी नॅशनल पार्टीचे दोन जण नगरपालिकेत निवडून आले. लँकेशायरच्या गिरण्यांत रात्रपाळीला गोरे कामगार मिळेनात म्हणून भारत-पाकिस्तानातून माणसं आणलेली होती. म्हणजे बघा, शनिवार सोडून द्या, पण एरवीच्या रात्री दोन वाजता आपल्याकडची माणसं मागापुढे उभी. आणि सकाळी पाळी सुटून घरी जाताना त्यांना शिव्या खाव्या लागायच्या, कधी मारही. त्या शिव्या देणाऱ्यांत मूठ वळलेला बिल्ला लावलेला कुणी नव्हता का?

गाडी चालवता चालवता ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "होते. आमच्यातही होते. डेट्रॉइटच्या माणसासाठी रडायचे आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाकडे बघायचे नाहीत. डेट्रॉइट लांब होतं ना." थोड्या वेळाने पुढे म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात खात्यात एक गुजराती होता, पाच वर्षं शेजारी काम केलं, पण त्याला एकदाही विगनला चल म्हणून विचारलं नाही. सुचलंच नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं. संगीताने माणसं जोडली जातात असं आपण सभांमधून फार सहज बोलतो. जोडली जातात, पण कोण कुणाशी, हे बघावं लागतं. विगनमध्ये खाणीतला पोरगा आणि बँकेतला कारकून एका जमिनीवर आले, ग्लासगोचा आणि वुल्व्हरहॅम्प्टनचा मित्र झाले, लग्नं जमली. पुढे अमेरिकेतले गायक प्रत्यक्ष आले तेव्हा त्यांना यांनी मनापासून मान दिला, हेही खरं. पण शेजारच्या गल्लीपर्यंत ते आपोआप पोचलं नाही. तिथे पोचायला दुसऱ्या लोकांना, दुसऱ्या मार्गांनी फार झगडावं लागलं.

गायकांचं म्हणाल तर काहींना उशिरा का होईना, न्याय मिळाला. एडविन स्टार डेट्रॉइटच्या 'रिक-टिक' या छोट्या लेबलावर गायचा. त्याला इंग्लंडमध्ये इतकं प्रेम मिळालं की तो तिथेच स्थायिक झाला आणि २००३ मध्ये नॉटिंगहॅमजवळ वारला. टॉमी हंट कसिनोत गायला आणि तोही बरीच वर्षं ब्रिटनमध्ये राहिला. डीन पॅरिश हा त्या तिघांतला गोरा, न्यूयॉर्कचा इटालियन वंशाचा. आपलं गाणं साता समुद्रापार दर रविवारी सकाळी वाजतं हे त्याला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. कळल्यावर तो इंग्लंडला आला आणि म्हाताऱ्या झालेल्या त्याच पोरांसमोर गायला. २०२१ मध्ये तो गेला.

कसिनो कधीच गेलं. नगरपालिकेला आपली इमारत वाढवायला ती जागा हवी होती. ६ डिसेंबर १९८१ ला शेवटची रात्र झाली. आठाच्या आधीची तीन गाणी झाली, परत वाजवली, तरी माणसं हलेनात. शेवटी फ्रँक विल्सनचं गाणं लावलं, आणि ते शेवटचं. पुढच्या वर्षी इमारतीला आग लागली, मग पाडली. नगरपालिकेचा बेत काही तडीस गेला नाही. २००७ मध्ये तिथे ग्रँड आर्केड नावाचं खरेदी-संकुल उभं राहिलं. (आमच्याकडच्या नगरपालिकांची आठवण झाली असेल तर तो योगायोग समजावा.)

कसिनो गेल्यावर हे वेड संपेल असं वाटलं होतं. संपलं नाही. २०१४ मध्ये यावर 'नॉर्दर्न सोल' नावाचाच सिनेमा आला, त्यासाठी शेकडो तरुण मुलांना हा नाच शिकवला, आणि त्यातली बरीच मुलं नंतरही नाचत राहिली. जुलै २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, मोठ्या वाद्यवृंदासह ही गाणी झाली. जिथे बीथोव्हेन वाजतो तिथे गॅरेजात जन्मलेली, पडलेली गाणी! माझे शेजारी गृहस्थ काही गेले नाहीत. म्हणाले, "खुर्च्या असतात तिथे."

लंडनमध्येच ऑक्सफर्ड स्ट्रीटवर '१०० क्लब' नावाचं तळघर आहे. तिथे एडी क्रोसडेल आणि त्यांच्या मित्राने सुरू केलेल्या ऑल-नायटर चाळीसहून अधिक वर्षं झाल्या. याच क्रोसडेलनी 'केंट' या लेबलासाठी अमेरिकन कंपन्यांची जुनी कपाटं उघडून टेपांची रिळं तपासायला सुरुवात केली. लेबलावर कागद न चिकटवता, परवानगी घेऊन, नावानिशी. त्या रिळांत अशी गाणी निघाली जी स्टुडिओत म्हटली गेली, पण कधी छापलीच गेली नाहीत. म्हणजे पडण्याइतकंसुद्धा ज्यांचं नशीब नव्हतं ती. दर वर्षी क्लबच्या वर्धापनदिनाच्या रात्री येणाऱ्या प्रत्येकाला एक नवी कोरी ४५ ची तबकडी भेट मिळते, आणि तिच्यावर बरेचदा असंच एखादं गाणं असतं. साठच्या दशकात म्हटलेलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा छापून हातात पडलेलं. शेजाऱ्यांकडे अशा तेवीस आहेत. त्यांनी एकेक काढून मला दाखवल्या, आणि हात पुसूनच हातात दिल्या.